वाडीवरच्या शाळेला हात लावण्याआधी जे. पी. नाईक वाचा

मा. शालेय शिक्षणमंत्री, मा. प्रधान सचिव आणि मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

कमी पटाच्या शाळांचा विषय आपल्या विभागात दर काही वर्षांनी वर येतो. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा जवळच्या शाळांत समायोजित करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळांतली मुले एका मोठ्या शाळेत आणण्याचे, प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांवर आहेत हे त्या वेळी सर्वांना कळले, आणि नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळची नावे पुढे आली. त्यानंतर मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे ठरवण्याचा, शासन निर्णय आला. त्याने सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुले असतील तर तिथे शिक्षकाचे पदच मंजूर होणार नाही अशी तरतूद केली. पालक आणि शिक्षक रस्त्यावर उतरले की कागद थोडे दिवस मागे सरतात, पण फाईल बंद होत नाही.

या सगळ्याला आधार म्हणून राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० कडे बोट दाखवले जाते. त्या धोरणाच्या सातव्या प्रकरणात शाळा संकुलाची, म्हणजे जवळजवळच्या शाळांचा गट जोडण्याची, कल्पना आहे, आणि ही कल्पना सर्वप्रथम १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने मांडली होती, ती अमलात मात्र आली नाही, असेही तिथे म्हटले आहे. तोच कोठारी आयोग, म्हणजे वाट तिथपर्यंत जाते. म्हणूनच हे पत्र लिहितो आहे. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातले, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. त्यांनी संकुल सुचवले ते लहान शाळा टिकाव्यात म्हणून. त्याच कल्पनेच्या आधाराने त्या शाळांना कुलूप लागणार असेल तर माझ्यासारख्या माणसाने गप्प बसणे बरे नाही. मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहाएक शाळा पाहणारा अधिकारी, म्हणून निवृत्त झालो. ज्या शाळांबद्दल लिहितो आहे त्यांच्या हजेरीपटांवर माझ्या सह्या आहेत.

जयंत पांडुरंग नाईक, म्हणजे जे. पी. नाईक. ५ सप्टेंबर १९०७ चा जन्म, घरचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. आपल्या प्रत्येक शाळेत त्या तारखेला शिक्षक दिन होतो, मुले गुलाबाची फुले देतात, डॉ. राधाकृष्णन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. ते योग्यच आहे. पण त्याच दिवशी जन्मलेल्या आणि या देशाच्या प्राथमिक शाळेसाठी आयुष्य वेचलेल्या मराठी माणसाचे नाव आमच्याच तालुक्यातल्या किती परिपाठांत निघते? युनेस्कोने जगभरच्या शंभर शिक्षणविचारवंतांची निवड केली, त्यात त्यांचा समावेश आहे. डी.एड.ला असताना भारतीय शिक्षणाच्या इतिहासावर सय्यद नुरुल्ला आणि नाईक यांचे जाडजूड पुस्तक आम्ही परीक्षेपुरते वाचले. त्यातले नाईक म्हणजे पलीकडच्या डोंगरातले, हे वर्गात कुणी सांगितले नव्हते.

त्यांची कारकीर्द दिल्लीत संपली तरी सुरू झाली ती तुरुंगात आणि खेड्यात. धारवाडला शिकलेला हा गणिताचा हुशार विद्यार्थी सविनय कायदेभंगाच्या चळवळीत पडला आणि बळ्ळारीच्या तुरुंगात गेला. तिथे त्याने आजारी कैद्यांची शुश्रूषा पत्करली आणि औषधोपचार शिकून घेतले. सुटल्यावर धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या गावात जाऊन राहिला. शाळा, आरोग्य, रस्ता, पाणी, एका गावात जे जे करता येईल ते करून पाहिले. पुढे कोल्हापूर संस्थानाच्या कारभारात विकासाचे काम केले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाची घडण केली. १९४८ मध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ही संस्था काढली, ती १९७६ मध्ये पुण्याला आली. गारगोटीचा प्रयोग ज्यांनी जवळून पाहिला त्यांना ठाऊक आहे की तिथे बालवाडीपासून पदवीपर्यंतचे शिक्षण एका डोंगरी तालुक्याच्या ठिकाणी, शेतीशी आणि भोवतालच्या खेड्यांशी जोडून उभे करायचे होते. शहरात जाऊन शिकावे लागू नये, हा त्यामागचा हट्ट होता. माझ्या मते नाईकांच्या पुढच्या सगळ्या लिखाणाची मुळे इथे आहेत.

मग ते केंद्रीय शिक्षण मंत्रालयात सल्लागार झाले. मानधन महिना एक रुपया, असे त्यांच्याबरोबर काम केलेले लोक सांगत आले आहेत. १९६४ च्या जुलैत डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. सतरा सदस्य, त्यांत रशिया, अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स आणि जपानचेही तज्ज्ञ. सदस्य-सचिव नाईक. २९ जून १९६६ रोजी अहवाल तेव्हाचे शिक्षणमंत्री न्या. छागला यांच्या हाती पडला. भारताचे भवितव्य तिच्या वर्गखोल्यांत घडत आहे, या अर्थाच्या पहिल्याच वाक्याने तो अहवाल गाजला. शिक्षणावरचा खर्च १९८५-८६ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांवर न्या, हेही त्याच अहवालाचे म्हणणे. साठ वर्षे होत आली, ते सहा टक्के अजून दिसलेले नाहीत. आयोगावर भाषणे करताना तो आकडा सगळ्यांना आठवतो. मला आज त्याच अहवालातली दुसरी, कमी उच्चारली जाणारी पाने आपल्यापुढे ठेवायची आहेत.

पहिले पान अंतराचे. पहिली ते चौथी-पाचवीची शाळा प्रत्येक मुलाच्या घरापासून साधारण एका मैलाच्या आत हवी, आणि त्यावरच्या वर्गांची एक ते तीन मैलांच्या आत, असे आयोगाने सांगितले. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, पण पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटर हे आपल्या राज्याच्या नियमांतले अंतर त्याच विचारातून आले आहे. अहवालाशी प्रामाणिक राहायचे तर हेही सांगितले पाहिजे की माध्यमिक शाळांच्या बाबतीत आयोगाने लहान लहान, न परवडणाऱ्या शाळा काढू नका, जागा नीट आखून मोठ्या शाळा उभारा, असेच म्हटले होते. दहावीच्या शाळेला प्रयोगशाळा लागते, विषयवार शिक्षक लागतात. तिथे तो हिशेब बरोबर आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला तो हिशेब आयोगाने लावला नाही. आपल्या प्रस्तावात दोन्ही वयांची मुले एकाच तराजूत बसवली आहेत.

दुसरे पान संकुलाचे. आयोगाची मांडणी अशी होती: एका वरिष्ठ प्राथमिक शाळेशी आसपासच्या सुमारे दहा कनिष्ठ प्राथमिक शाळा जोडायच्या, आणि असे गट मिळून एका माध्यमिक शाळेशी. सगळ्या शाळा आपापल्या जागी राहतील. फिरेल ते साहित्य, फिरतील ती पुस्तके, फिरतील ते शिक्षक. वाडीवरचा एकटा मास्तर आजारी पडला किंवा त्याच्या घरी लग्न निघाले की शाळा बंद राहते, हे नाईकांना माहीत होते. म्हणून मध्यवर्ती माध्यमिक शाळेत एक-दोन राखीव शिक्षक ठेवावेत आणि गरज पडेल त्या शाळेवर पाठवावेत, अशी सोय संकुलाच्या योजनेत सुचवली आहे. मंत्रालयात बसून हे सुचत नाही. एकशिक्षकी शाळेवर त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली आहे. देशाच्या शिक्षण खात्यातला इतका वरचा माणूस एका खोलीच्या, एका मास्तरच्या शाळेचा इतक्या बारकाईने विचार करतो, हे वाचताना माझ्यासारख्याला भरून येते.

नव्वदच्या दशकात आपल्या राज्याने केंद्रे पाडली. साधारण दहा शाळांमागे एक केंद्रशाळा आणि एक केंद्रप्रमुख. ही रचना नाईकांच्या संकुलाच्या फार जवळची. महिन्याची शिक्षण परिषद भरायची. वाडीवरचे दोन शिक्षक सरावपाठ घेऊन यायचे, इंग्रजीचे कुणी, गणिताचे कुणी, एकमेकांचे पाहून शिकायचे. ज्या केंद्रात हे मनापासून झाले तिथली मुले आजही वेगळी ओळखू येतात. नंतर केंद्रप्रमुखांची पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवली गेली, एकाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा कार्यभार आला, आणि उरलेला वेळ माहिती भरण्यात, फोटो पाठवण्यात, पोषण आहाराचे हिशेब जुळवण्यात गेला. राखीव शिक्षक तर कधीच दिला गेला नाही. म्हणजे संकुलाचा सांगाडा आपल्याकडे तयार आहे, त्यात जीव घालायचे राहून गेले. आता सांगाडाच मोडून सगळी मुले एका इमारतीत आणणे हा त्यावरचा इलाज होत नाही.

या शाळा आतून कशा असतात तेही सांगतो, कारण यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीच्या, रकान्यात ते दिसत नाही.

आमच्या पश्चिमेकडच्या डोंगरात धनगरवाडे आहेत. एका वाड्यावरच्या शाळेत नऊ मुले आणि दोन शिक्षक होते. फळ्याचे खडूने चार भाग केलेले. पहिलीची दोन मुले चिंचोक्यांचे दहा-दहाचे गट करत होती. तिसरीतली एक मुलगी त्यांच्यासमोर मांडी घालून बसली होती. त्यांचा गट चुकला की ती बोलत नव्हती, चिंचोका फक्त बोटाने अलीकडे सरकवत होती. बाई चौथीच्या मुलाला भागाकार समजावत होत्या आणि कान पहिलीकडे होता. पोषण आहाराची खिचडी शिजवणारी बाई त्या मुलीचीच चुलती. वाड्यावरचे कोण मूल आज का आले नाही, कुणाच्या घरी म्हैस व्याली, कोण बाप ऊसतोडीला गेला, हे शिक्षकांना विचारावे लागत नव्हते. ही शाळा कमी पटाची आहे, हे खरे. ती निकृष्ट होती असे म्हणणाऱ्याने त्या मुलीचे बोट पाहायला हवे होते.

अशीच दुसरी एक शाळा काही वर्षांपूर्वी खालच्या गावच्या शाळेत समायोजित झाली. कागदावर अंतर बसत होते. मधला ओढा कागदावर नव्हता. जुलै-ऑगस्टात त्याला पाणी आले की बापाने पोराला खांद्यावर घेऊन पलीकडे सोडायचे, आणि त्या दिवसाचे काम बुडवायचे. वाटेवर गव्यांचा वावर, आजऱ्याकडच्या बाजूला हत्तीही येतो. वाहतूक भत्त्याची तरतूद होती, पण पैसे वर्ष सरताना आले, आणि गाडी सडकेपर्यंतच यायची. लहान मुलांपैकी काहींना मामाच्या गावी ठेवले. दोन मुली पाचवीनंतर घरी राहिल्या. हजेरीपटावर त्यांची नावे बराच काळ होती, त्यामुळे कोणत्याच अहवालात त्या शाळाबाह्य ठरल्या नाहीत. यात कुणा एका अधिकाऱ्याने वाईट हेतूने काही केले असे मी म्हणत नाही. आदेश आला, अंमलबजावणी झाली, पूर्तता अहवाल वर गेला.

नाईकांचे मोठेपण मला सर्वांत जास्त इथे जाणवते. शासनात राहून त्यांनी धोरण लिहिले, आणि नंतर त्याच धोरणाचा हिशेब स्वतः मांडला. १९७५ मध्ये त्यांनी समता, गुणवत्ता आणि संख्या या भारतीय शिक्षणाच्या हाती न लागणाऱ्या त्रिकोणावर पुस्तक लिहिले. शाळा वाढवाव्यात तर दर्जा घसरतो, दर्जा धरावा तर गरीब बाहेर राहतो, ही ओढाताण त्यांनी लपवली नाही. शिक्षण आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले, कोणत्या स्वीकारल्या गेल्या, कोणत्या नुसत्या कागदावर राहिल्या, यावरचे त्यांचे पुस्तक १९८२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. आपणच लिहिलेल्या अहवालाची अशी तपासणी करणारा अधिकारी विरळाच. आज धोरण आखणाऱ्यांनी त्यांच्याकडून घेण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे असे मला वाटते, आणि माझी मुख्य मागणीही त्यातूनच येते.

त्यांच्या बाकीच्या कामाबद्दल इथे थोडक्यातच लिहितो, नाहीतर पत्र लांबेल. १९६९ मध्ये भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, सदस्य-सचिव नाईक. परिषदेचे काम त्यांनी जवळजवळ दशकभर पाहिले. देशातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचे संशोधन त्या काळात परिषदेच्या पाठबळाने उभे राहिले. सर्वांसाठी आरोग्य या विषयावरच्या १९८१ च्या अहवालातही त्यांचा मोठा वाटा होता. बळ्ळारीच्या तुरुंगात आजाऱ्यांच्या उशाशी बसलेला माणूस शेवटच्या वर्षी पुन्हा आरोग्यावर लिहीत होता. १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३० ऑगस्ट १९८१ ला ते गेले. त्यांच्या पत्नी चित्राताई नाईक याही मोठ्या शिक्षणतज्ज्ञ. महाराष्ट्राच्या शिक्षण खात्यात त्यांनी वरिष्ठ पदांवर काम केले, पुढे नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत दिवसा गुरे राखणाऱ्या, भावंडे सांभाळणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या संस्थेने संध्याकाळचे वर्ग चालवले. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने वेळ बदलावी आणि मुलापर्यंत जावे, असे हे दोघेही मानत. आजच्या प्रस्तावात मुलाने जायचे आहे.

आपली बाजू मला माहीत नाही असे नाही. दहा मुलांमागे दोन शिक्षकांचा पगार, इमारतीची डागडुजी, वीजबिल, हे सगळे राज्याच्या तिजोरीतून जाते. लहान गटात मुलांना खेळायला संघ मिळत नाही, स्नेहसंमेलन होत नाही, हेही खरे आहे. काही ठिकाणी दोन शाळा हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे पालकांच्या संमतीने एकत्र आणायला कुणाचीच हरकत नसावी. तोरणमाळसारख्या ठिकाणी निवासाची सोय असेल तर मोठ्या मुलांना तिचा उपयोगही होईल. पण सहा-सात वर्षांच्या पोराला आईपासून दूर वसतिगृहात ठेवायचे की पावसात ओढ्यापलीकडे पाठवायचे, एवढेच पर्याय आपण वाडीवरच्या आईबापांपुढे ठेवतो आहोत. आणि हे आईबाप बहुतेक धनगर, कातकरी, भिल्ल, कोरकू, डोंगराच्या कुशीतले लहान शेतकरी. शहरातल्या माणसाला मुलाची शाळा निवडता येते. यांना शाळा एकच, ती असते किंवा नसते.

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. २०१७ पासून ज्या शाळा समायोजित झाल्या त्यांतल्या प्रत्येक मुलाचे नाव विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीच्या आपल्याच सरल प्रणालीत आहे. ते मूल आज कोणत्या वर्गात आहे, आहे की नाही, मुली किती टिकल्या, भत्ता कोणत्या महिन्यात मिळाला, याची शाळानिहाय माहिती सर्वांसमोर ठेवा. ती येईपर्यंत एकाही प्राथमिक शाळेचे समायोजन करू नका. केंद्रप्रमुखांची रिक्त पदे भरा आणि त्यांच्याकडचे माहिती भरण्याचे काम दुसऱ्या कुणाकडे द्या. प्रत्येक केंद्रशाळेला दोन राखीव शिक्षक मंजूर करा, त्यांना फिरतीचा भत्ता द्या. हे संकुल, आयोगाने सांगितले तसे. बहुवर्ग अध्यापनाचे, म्हणजे एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवण्याचे, स्वतंत्र प्रशिक्षण डी.एल.एड.च्या अभ्यासक्रमात आणा, कारण एकशिक्षकी आणि द्विशिक्षकी शाळा या राज्यातून जाणार नाहीत, डोंगर जाणार नाहीत तोवर. अंतर मोजायचे तर पायवाटेने मोजा, पावसाळ्यात मोजा, आणि सोबत शाळा व्यवस्थापन समितीच्या दोन आयांना घ्या.

येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी या विषयावर आपला लेखी निर्णय जाहीर व्हावा, आणि तो वाडीवरच्या प्रत्येक शाळेच्या फलकावर मराठीत लावला जावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त केंद्रप्रमुख
जिल्हा कोल्हापूर